लोकलमध्ये छातीत धडधडतं, ईसीजी मात्र नॉर्मल : पॅनिक, फोबिया आणि ताणाचा त्यातला वाटा

प्रश्न : माझे मिस्टर ३६ वर्षांचे आहेत. आम्ही डोंबिवलीला राहतो, त्यांचं ऑफिस दादरला. सहा-सात महिन्यांपूर्वी सकाळच्या फास्ट लोकलमध्ये, ठाण्याच्या पुढे गाडी मध्येच थांबली असताना त्यांना अचानक धाप लागली, छातीत धडधडायला लागलं, हातांना मुंग्या आल्या, दरदरून घाम फुटला. 'आता आपण जातो' असं वाटलं म्हणाले. ईसीजी, टूडी इको, रक्त, थायरॉइड सगळं नॉर्मल आलं. डॉक्टर म्हणाले, टेन्शन घेऊ नका. नंतर दोनदा तसंच झालं. तेव्हापासून लोकल बंद. आधी बसने जायचे, मग कॅबने, आता बहुतेक दिवस घरूनच काम करतात. बाजारात जायलाही मी सोबत लागते. गेल्या वर्षी सासरे हार्ट अटॅकने गेले, ऑफिसात कपात चालू आहे, घराचे हप्ते आहेत. सासूबाई म्हणतात, विचार करून करून डोक्यावर परिणाम होईल. हे ताणामुळेच झालं का? गोळ्या एकदा सुरू केल्या की आयुष्यभर घ्याव्या लागतात का? आमची नऊ वर्षांची मुलगी कुत्र्यांना फार घाबरते. तिलाही पुढे असंच होईल का?

उत्तर :

ताई, आधी सासूबाईंच्या शंकेचं बोलते, कारण घरात ती शंका असली की बाकी काही नीट ऐकू येत नाही. यातून वेड लागत नाही. तुम्ही जे लिहिलंय त्याला पॅनिक अटॅक म्हणतात. तो पुन्हा येईल या धास्तीने माणूस ठिकाणं टाळायला लागला, एकटं बाहेर पडेनासा झाला, की त्याला ॲगोराफोबियाची जोड मिळते. पक्कं निदान समोर बसून, सगळा इतिहास विचारूनच होईल. पण तुम्ही सांगितलेला क्रम, आधी लोकल, मग बस, मग कॅब, मग घर, हा या आजाराचा अगदी ओळखीचा क्रम आहे. आणि मानसिक आजारांमध्ये उपचारांना चांगला प्रतिसाद देणाऱ्या आजारांत याची गणना होते.

त्या दिवशी गाडीत शरीरात काय झालं ते समजून घ्या, आणि त्यांनाही वाचून दाखवा. संकट दिसलं की मेंदूतला ॲमिग्डाला नावाचा छोटा भाग विचार करायला न थांबता शरीराला सावध करतो. ॲड्रिनलिन सुटतं. लढायचं किंवा पळायचं म्हणून हृदय जोरात चालतं, श्वास वाढतो, रक्त हातापायांच्या मोठ्या स्नायूंकडे वळतं, पोटाचं काम थांबतं. हार्वर्डच्या वॉल्टर कॅनन यांनी शंभर वर्षांपूर्वी हे सविस्तर मांडलं. आता यातलं एकेक लक्षण लावून बघा. रक्त स्नायूंकडे गेलं म्हणून बोटं गार पडली, तोंड पांढरं झालं. पचन थांबलं म्हणून पोटात गोळा आला. गरज नसताना भराभर श्वास घेतल्याने रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी झाला, त्यामुळे मेंदूच्या रक्तवाहिन्या थोड्या आकसल्या आणि गरगरलं. त्याच कारणाने ओठांना, बोटांना मुंग्या आल्या. हवा पुरत नाहीये असं वाटतं तेव्हा खरं तर हवा जास्त घेतली जात असते. हे सगळं सहसा दहाएक मिनिटांत कळसाला पोहोचतं आणि मग आपोआप उतरतं, कारण शरीर ॲड्रिनलिनचा हा जोर तासन्‌तास धरून ठेवू शकत नाही.

'रिपोर्ट नॉर्मल आहेत, तुम्हाला काही झालेलं नाही' हे वाक्य रुग्णाला फार लागतं. त्याला वाटतं, मी नाटक करतोय असं यांना म्हणायचंय. कांदा चिरताना डोळ्यांतून घळाघळा पाणी येतं, ते पाणी खरंच असतं, फक्त त्यामागे रडण्याचं कारण नसतं. तुमच्या पतीची धडधड तशीच शंभर टक्के खरी होती. तिच्यामागे हृदयविकार नव्हता, एवढंच.

मग साधी धडधड 'आता मी जातो' इथपर्यंत का गेली? ऑक्सफर्डचे मानसशास्त्रज्ञ डेव्हिड क्लार्क यांनी १९८६ मध्ये पॅनिकची जी मांडणी केली, तिच्यावर आजचे बहुतेक मानसोपचार उभे आहेत. शरीरात एखादी जाणीव होते, माणूस तिचा भयंकर अर्थ लावतो, त्या अर्थाने भीती वाढते, भीतीने तीच जाणीव दुप्पट होते, आणि आता तर खात्रीच पटते. तुमच्या घरात गेल्याच वर्षी वडील हार्ट अटॅकने गेले. ज्या मुलाने ते पाहिलंय, त्याच्या छातीत गर्दीत, उकाड्यात, थांबलेल्या गाडीत एक ठोका जोरात पडला तर त्याच्या मनात आधी कुठला विचार येईल? दुसऱ्या कुणी त्याच ठोक्याला 'पित्त झालंय' म्हटलं असतं आणि पेपर वाचत बसला असता. सासऱ्यांच्या जाण्याबद्दल ते घरात कधी मोकळेपणाने बोललेत का, हेही पाहा. सगळी धावपळ ज्याने केली, त्या मुलाला दुःख करायला बऱ्याचदा सवडच मिळालेली नसते. उपचारात हा भाग येईलच, आणि तो यावा असं मला वाटतं.

आता ताणाचं. 'ताणामुळेच झालं का' याला हो म्हटलं तरी अर्धं आणि नाही म्हटलं तरी अर्धं. हान्स सेल्ये यांनी १९३६ मध्ये उंदरांवरच्या प्रयोगांतून दाखवलं की थंडी, जखम, विष, अति श्रम अशा अगदी वेगवेगळ्या त्रासांना शरीर बऱ्याच अंशी एकाच पद्धतीने उत्तर देतं. मेंदूतल्या हायपोथॅलॅमसकडून पिट्युटरी ग्रंथीला, तिथून मूत्रपिंडांवर बसलेल्या ॲड्रिनल ग्रंथींना निरोप जातो आणि कॉर्टिसॉल स्रवतं. थोड्या वेळापुरतं हे उपकारक असतं. परीक्षेच्या आदल्या रात्री आपण जागू शकतो ते याच यंत्रणेमुळे. पण कपातीची टांगती तलवार, हप्ते आणि घरातला मृत्यू असं महिनोन्‌महिने चाललं की यंत्रणा पूर्ण उतरतच नाही. झोप उथळ होते, मान-खांदे आवळलेले राहतात, श्वास वरवरचा आणि जलद होतो. ॲमिग्डाला लहानसहान गोष्टींना उसळायला लागतो आणि त्याला आवर घालणारा, कपाळामागचा मेंदूचा भाग थकलेला असतो. अशा वेळी एरवी सहज सोसलेली गोष्ट, म्हणजे गाडी दहा मिनिटं थांबणं, जड जाते. अटॅक नेमका ताणाच्या क्षणीच येतो असंही नाही. सुटीच्या दिवशी सोफ्यावर बसल्यावर येतो, झोपेतून उठवतोही. म्हणून रुग्ण गोंधळून सांगतात, 'तेव्हा तर मी काही विचारच करत नव्हतो.'

पण ताण आहे म्हणून आजार होतोच असं नाही. तुमच्या पतीच्या ऑफिसात तीच कपात पन्नास जणांच्या डोक्यावर असेल. कुणाचा रक्तदाब वाढेल, कुणाला नैराश्य येईल, कुणाची दारू वाढेल, कुणाचा जुना आजार उलटेल, आणि बरेच जण कुरकुरत का होईना, निभावून नेतील. कुणाच्या वाट्याला काय येईल हे अनुवंश, स्वभाव, बालपणीचे अनुभव, शरीराची अवस्था आणि माणसाला आधार किती आहे यावर ठरतं. जुळ्यांच्या अभ्यासांवरून पॅनिक आणि चिंताविकारांत अनुवंशाचा वाटा साधारण ३० ते ४० टक्के धरला जातो. १९९३ चा किल्लारीचा भूकंप किंवा ११ जुलै २००६ चे लोकलमधले बॉम्बस्फोट घ्या. इतक्या भयंकर आघातांनंतरही बहुतेक माणसं काही महिन्यांत सावरतात, काहींनाच पीटीएसडीसारखा (आघातानंतर येणारा ताणविकार) दीर्घ आजार जडतो. स्फोटांच्या दुसऱ्या दिवशी लाखो लोक त्याच पश्चिम रेल्वेने कामाला गेले. पोटासाठी जावं लागलं हे खरं, पण त्यामुळे भीतीला मनात घर करायला वेळ मिळाला नाही, असं माझं मत आहे.

आणि इथे तुमच्या प्रश्नातला कळीचा मुद्दा येतो. ताणाने हे सुरू झालं असेल, पण आज जे टिकून आहे ते ताणामुळे नाही, टाळण्यामुळे आहे. उद्या कपात थांबली, कर्ज फिटलं, तरी लोकलची भीती आपोआप जाणार नाही. म्हणून 'नोकरी सोड', 'गावाला जाऊन चार महिने आराम कर' हे सल्ले प्रेमाचे असले तरी चुकीचे आहेत. टाळल्यावर काय होतं बघा. गाडीत धडधडलं, ते पुढच्या स्टेशनवर उतरले, पाच मिनिटांत बरं वाटलं. मेंदूने नोंद केली : उतरलो म्हणून वाचलो. खरं तर ते न उतरते तरी वाचलेच असते, पण ही दुसरी नोंद व्हायची संधीच मिळाली नाही. दर वेळी टाळलं की पहिली नोंद पक्की होते आणि यादी वाढत जाते. लोकलनंतर लिफ्ट येते, थिएटर येतं, केशकर्तनालयातली खुर्ची येते, जिथून 'पटकन उठून जाता येणार नाही' अशी प्रत्येक जागा येते.

टाळण्याची छोटी रूपंही असतात आणि ती नजरेतून सुटतात. सतत पाण्याची बाटली, खिशात एक गोळी 'लागली तर', मनगटावरच्या स्मार्टवॉचवर दर दोन मिनिटांनी नाडी बघणं. आणि सोबतीला कुणीतरी लागणं. बर्लिनचे डॉक्टर कार्ल वेस्टफाल यांनी १८७१ मध्ये मोकळे चौक ओलांडायला घाबरणाऱ्या रुग्णांचं वर्णन केलं होतं. सोबत कुणी असलं की त्यांची भीती ओसरायची, हे त्यांनीही टिपून ठेवलंय. तुम्ही बाजारात सोबत जाता ते मायेपोटीच, आणि त्या क्षणी तेच बरोबर वाटतं. पण त्यातून त्यांना एकच निरोप मिळतो की एकट्याने जाणं धोक्याचं आहे. तुम्ही एकदम सोबत सोडा असं मी म्हणत नाही, ती ठरवून, पायरीपायरीने कमी करायची असते.

उपचाराचा गाभा तोच आहे : टाळलेल्या गोष्टीकडे, थोडं थोडं, रोज जायचं. विचार आणि वागणं बदलायला शिकवणारी कॉग्निटिव्ह बिहेवियर थेरपी म्हणजे सीबीटी, तिच्यातला हा भाग. डोंबिवलीच्या रुग्णासाठी पायऱ्या साधारण अशा बसवता येतात. आधी दुपारी, गर्दी नसताना, फलाटावर वीस मिनिटं नुसतं बसायचं, गाड्या जाऊ द्यायच्या. मग स्लो लोकलने एकच स्टेशन, कोपर. ते अंगवळणी पडलं की दिवा, मग ठाणे. सुरुवातीला तुम्ही त्याच डब्यात, नंतर तुम्ही लेडीज डब्यात आणि ते जनरलमध्ये, मग ते एकटे. त्यानंतर दुपारची फास्ट, दादरपर्यंत. शेवटी ऑफिसच्या वेळेची. प्रत्येक पायरीवर भीती किती वाटली, शून्य ते दहा, हे वहीत लिहायचं. आठवर गेली तर उतरायचं नाही, पुढच्या ठरलेल्या स्टेशनपर्यंत बसायचं, कारण भीती चढते, थोडा वेळ तिथेच राहते आणि मग उतरायला लागते. ते उतरणं गाडीत असतानाच अनुभवायला मिळालं पाहिजे, सगळा फरक त्याने पडतो. एक पायरी एकदाच करून भागत नाही. कंटाळा येईपर्यंत करायची. आणि सकाळच्या आठच्या गर्दीत दाराला लटकणं हा सरावाचा भाग नाही. त्या गर्दीची भीती वाटणं शहाणपणाचं आहे. आत उभं राहायला मिळेल अशी गाडी धरायची.

याच्या जोडीला आम्ही तपासणीच्या खोलीतच काही गोष्टी करून घेतो. जागच्या जागी एक मिनिट धावायला लावतो, फिरत्या खुर्चीत गोल फिरवतो, बारीक स्ट्रॉमधून श्वास घ्यायला सांगतो. दोन मिनिटांत तीच धडधड, तीच गरगर, तीच घुसमट उभी राहते. रुग्ण चमकून म्हणतो, 'हे तर तेच आहे!' आपणच आणलेलं आणि आपोआप गेलेलं ते लक्षण बघणं, हे कितीही समजावण्यापेक्षा जास्त काम करतं. हृदयविकार, दमा, फिट्स किंवा गरोदरपण असेल तर मात्र हे घरच्या घरी करू नये. श्वासाचा व्यायाम उपयोगी आहे, नाकाने हळू घ्यायचा आणि त्याहून जास्त वेळ घेत सोडायचा. पण तो अटॅक 'थांबवण्याचं हत्यार' म्हणून वापरला तर तोही पाण्याच्या बाटलीसारखाच होऊन बसतो. कागदी पिशवीत श्वास घ्यायची जुनी पद्धत टाळा.

गोळ्यांबद्दल. इथे दोन वेगळ्या प्रकारच्या गोळ्या आहेत आणि लोक त्यांची सरमिसळ करतात. एस्सिटालोप्रॅम, सर्ट्रालिन ही एसएसआरआय गटातली (मेंदूतल्या सेरोटोनिन या रसायनावर काम करणारी) औषधं मुख्य उपचाराची. त्यांचा गुण यायला दोन ते चार आठवडे, पुरता यायला त्याहून जास्त वेळ लागतो. पहिल्या आठ-दहा दिवसांत उलट बेचैनी, मळमळ वाढल्यासारखी वाटते, आणि नेमक्या तेव्हाच बरेच जण गोळी बंद करतात. म्हणून अगदी कमी मात्रेत सुरू करतात. बरं वाटल्यानंतर साधारण सहा महिने ते वर्षभर चालू ठेवून मग हळूहळू कमी करत थांबवतात. त्यांची चटक लागत नाही, पण एकदम तोडल्या तर चक्कर, चिडचिड होते. दुसरा प्रकार अल्प्राझोलॅम, क्लोनॅझेपॅम यांचा. अर्ध्या तासात शांत वाटतं, म्हणून त्या लोकप्रिय. पण रोज घेतल्या तर काही आठवड्यांतच शरीर त्यांवर अवलंबून राहायला लागतं, मात्रा वाढत जाते, आणि त्यांच्या आधाराने केलेल्या प्रवासातून मेंदू काही शिकत नाही. सुरुवातीच्या काही दिवसांपुरत्या, डॉक्टरांनी मोजून दिल्या तर ठीक. शेजाऱ्यांच्या पट्टीतली एक गोळी 'घेऊन बघा' म्हणून कधीच नाही. संध्याकाळी एखादा पेग घेतला की बरं वाटतं असं ते म्हणत असतील तर तेही डॉक्टरांना सांगा, कारण दारूचा अंमल उतरताना चिंता आणखी चढते. सौम्य त्रासात नुसत्या सीबीटीनेही भागतं. तुमच्या पतीचं घराबाहेर पडणं जवळपास थांबलंय, त्यामुळे त्यांना दोन्ही मिळून दिलं जाण्याची शक्यता जास्त आहे.

शरीराच्या तपासण्या एकदा नीट झाल्यात, आता त्या पुन्हा पुन्हा करू नका. दर महिन्याला नवा ईसीजी हीसुद्धा एक सोबतच आहे. अपवाद हे : जिना चढताना किंवा श्रमाने छातीत दुखून थांबल्यावर कमी होणं, दुखणं डाव्या हाताकडे किंवा जबड्याकडे जाणं, खरोखर शुद्ध हरपणं. असं काही झालं तर आधी हृदयाचे डॉक्टर. ज्यांना पहिला अटॅक पंचेचाळिशीनंतर येतो, त्यांच्यातही शारीरिक कारण जास्त कसून शोधावं लागतं. दिवसाला पाच-सहा कप चहा-कॉफी होत असेल तर तो कमी करा.

मुलीबद्दल. प्राण्यांची भीती बालपणीच सुरू होते आणि पुष्कळ मुलांत ती वयाबरोबर ओसरते. ती सहा महिन्यांहून जास्त टिकली आणि त्यामुळे खेळायला खाली जाणं, शाळेच्या बसपर्यंत चालणं अडायला लागलं तर तिला फोबिया म्हणायचं. तिला उचलून घेऊ नका, आणि पिल्लू जबरदस्तीने मांडीवरही ठेवू नका. १९२४ मध्ये मेरी कव्हर जोन्स यांनी पीटर नावाच्या लहान मुलाची सशाची भीती घालवली होती. तो आवडीचं खात असताना ससा लांब ठेवायचा आणि दिवसागणिक थोडा थोडा जवळ आणायचा. आजही आपण तेच करतो : आधी चित्रं, मग व्हिडिओ, मग गॅलरीतून खालचा कुत्रा, मग ओळखीच्यांचा, पट्ट्याला बांधलेला, शांत कुत्रा. 'काही करत नाही तो' असं खोटं सांगू नका. कुत्रा चावतो, रेबीज असतो, हे तिला माहीत आहे. त्यापेक्षा कसं वागायचं ते शिकवा : पळायचं नाही, खात असलेल्या किंवा पिल्लं असलेल्या कुत्रीजवळ जायचं नाही. (तिला इंजेक्शनचं किंवा रक्ताचं भय असेल तर सांगते, त्या एकाच फोबियात रक्तदाब आधी वाढून मग एकदम पडतो आणि माणूस खरंच चक्कर येऊन कोसळतो. तिथे अंग सैल सोडायचं नसतं, हातापायांचे स्नायू ताणून धरायचे असतात. स्वीडनचे लार्स-गोरान ओस्ट यांनी ही पद्धत बसवली.) वडिलांसारखं तिला होईल का, याचं उत्तर : घाबरट स्वभाव थोडा वारशाने येतो, पण मुलं बघून त्याहून जास्त शिकतात. बाबा घाबरत घाबरत का होईना लोकलला जातात आणि परत येतात, हे तिने पाहिलं तर तिच्यासाठी ते फार मोलाचं आहे.

जायचं कुठे? मानसोपचारतज्ज्ञ औषधं देतात, सीबीटी शिकलेले क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट थेरपी घेतात. पहिली भेट मानसोपचारतज्ज्ञाची घ्या. ठाण्यात डॉ. आनंद नाडकर्णी यांनी सुरू केलेली आयपीएच (इन्स्टिट्यूट फॉर सायकॉलॉजिकल हेल्थ) ही मानसिक आरोग्याची संस्था आहे. मुंबईत केईएम, सायन, नायर, जेजे या रुग्णालयांत मानसोपचाराची ओपीडी कमी खर्चात मिळते. ऑक्टोबर २०२२ पासून केंद्र सरकारची टेली-मानस ही मोफत हेल्पलाइन चालू आहे, १४४१६ वर मराठीतही बोलता येतं. २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात देशातल्या १०.६ टक्के प्रौढांना त्या वेळी कुठला ना कुठला मानसिक आजार असल्याचं आढळलं होतं, तेव्हा ओपीडीबाहेर कुणी ओळखीचं भेटलं तर संकोच वाटायचं कारण नाही. त्यांच्या बोलण्यात निराशा येत असेल, 'मी नसतो तर बरं' असं काही निघालं, तर मात्र अपॉइंटमेंटची वाट न बघता त्याच दिवशी दाखवा.

'मी वेडा नाही, मी येणार नाही' असं ते म्हणाले तर वाद घालू नका. 'तुम्हाला पुन्हा लोकलने जाता यावं म्हणून जाऊ' एवढंच म्हणा, ते त्यांनाही हवंच असेल. भेटीला जुन्या रिपोर्टांची फाइल न्या. एका कागदावर पहिल्या अटॅकपासून टाळलेल्या जागा त्यांच्याच हाताने, सोप्यापासून अवघडापर्यंत लिहून न्या. पहिल्या पायऱ्या त्यातूनच निघतील. आणि तोवर घरी एक गोष्ट करता येईल : संध्याकाळची कोथिंबीर-लिंबं आणायला कोपऱ्यावरच्या भाजीवाल्याकडे त्यांना एकट्यालाच जाऊ द्या, आणि मध्येच 'पोहोचलात का?' म्हणून फोन करू नका.